सुकवण

चतुराबाईच्या घरात दिवाळी दरवर्षी यायची, पण तिच्या तोंडात कधी यायची नाही. "सण आला," म्हणायची ती, फार तर "दिव्यांचा सण". नाशकाजवळ मखमलाबादच्या अंगाला तिचा मळा होता, झेंडू आणि शेवंतीचा. या एका सणाच्या जिवावर तिचं वर्ष निघायचं, आणि ज्याचं खायचं त्याचंच नाव घ्यायचं नाही, असा हा उफराटा कारभार. फुलबाजारात गिऱ्हाईक विचारायचं, "मावशी, दिवाळीला काय भाव राहील?" चतुराबाई शेवंतीवर पाणी शिंपडत म्हणायची, "सणाला चढंल की." शेजारी बसणाऱ्या माळणी मुद्दाम खोडी काढायच्या. "चतुरे, कोणता सण गं? पोळा का?" ती पदर तोंडाला लावून हसायची, पण शब्द काही बाहेर पडायचा नाही.

कारण एवढंच, की तिच्या नवऱ्याचं नाव वाळू होतं.

हे नाव कुणी हौसेनं ठेवलेलं नव्हतं. सासू नवसाबाई, तिची आधीची लेकरं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा झाला तेव्हा तिनं देवाचं, राजाचं नाव ठेवलंच नाही. चांगलं नाव ठेवलं की मरणाची नजर जाते. दगड, धोंडा, वाळू असं पायाखालचं नाव ठेवलं की मरण म्हणतं, हे काय उचलायचं, आणि पुढे निघून जातं. वाळू जगला, पण नवसाबाईची धास्ती काही गेली नाही. सून घरात आली त्याच दिवशी तिनं तिला चुलीपुढे बसवून सांगितलं, "बायकोच्या तोंडी नाव गेलं का नवऱ्याचं आयुष्य झिजतं. आन् नुसतं नाव नाय. ज्या ज्या शब्दात त्याचं नाव बसलंय, तो शब्द नाय." उखाण्यात घ्यायची तेवढी मुभा होती, कारण उखाणा देवाच्या साक्षीनं असतो. नवऱ्याचं नाव न घेण्याची रीत तर घरोघर होती. ती रीत या टोकाला नेऊन बसवणारी नवसाबाईच एकटी.

चतुराबाईनं ते मनावर घेतलं. नुसतं मनावर नाही, जिवावर घेतलं म्हणा. नदीतली वाळू तिच्यापुरती रेती झाली, दाराच्या चौकटीतली वाळवी उधई झाली. कुरडया-पापडांचं वाळवण सगळं गाव घालायचं, ही सुकवण घालायची. तान्ह्या लेकीच्या पायातले चांदीचे वाळे म्हणजे कडी. आणि सणाला ओवाळायचं असलं की "चला, ताट फिरवून घेऊ."

एकुलती एक लेक भाग्यश्री, घरात भागी. तिला हे सगळे शब्द आईच्या दुधाबरोबर मिळाले, त्यामुळे ते वेगळे आहेत हे तिला शाळेत जाऊन कळलं. निबंधात तिनं लिहिलं, 'आईने अंगणात सुकवण घातले.' बाईंनी लाल रेघ मारली आणि वर्गासमोर विचारलं, "सुकवण? हे कुठून आणलंस?" पोरगी रडत घरी आली. चतुराबाईनं तिचे डोळे पुसले आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, "तुझ्या बाईंच्या मालकाचं नाव दुसरं आसंल. त्यांना चालतंय तसं बोलून." दारात टेम्पो धूत असलेला वाळू हे ऐकून पोट धरून हसला होता. भाग्यश्रीला बापाचं ते हसणं पुढे फार वर्षं आठवत राहिलं.

टेम्पोनंच घात केला, असं नवसाबाई म्हणायची. टेम्पो बिचारा काय करणार, तो नेईल तिकडे जाणारा. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास वाळू द्राक्षांच्या हंगामात पिंपळगाव बसवंतला माल वाहू लागला. आधी रात्रीपुरता राहायचा, मग आठवडाभर, मग हंगाम संपला तरी राहू लागला. तिथं कुसा नावाच्या बाईबरोबर त्यानं बिऱ्हाड केलं, ही बातमी फुलबाजारात सगळ्यांना कळल्यावर चतुराबाईला कळली. असंच असतं. जिचं घर जळतं तिला धूर शेवटी दिसतो. नवसाबाईनं त्या पावसाळ्यात अंथरूण धरलं ते सोडलंच नाही. चतुराबाई मात्र कुणी विचारलं तर सांगायची, "कामावर हायेत."

वाळू एक गोष्ट पाळायचा. दिवाळीच्या पाडव्याला यायचा. बायकोनं नवऱ्याला ओवाळायचा तो दिवस. चतुराबाई पाटाभोवती रांगोळी काढायची, निरांजन लावून ताट फिरवायची, तो ताटात काहीतरी टाकायचा, जेवायचा आणि दिवस मावळायच्या आत निघायचा. त्या काही तासांवर चतुराबाई वर्ष काढायची. एका वर्षी तो पाडव्यालाही आला नाही. पुढच्या वर्षी नाही. पाट मात्र दरवर्षी मांडला जायचा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका आधी तिला उखाण्याचा आग्रह करायच्या, मग करेनाशा झाल्या, तर ही आपणहून घ्यायची:

"शेवंतीच्या फुलाला पाकळ्या दाट,
वाळूरावांचं नाव घेते, पाहते त्यांची वाट."

आणि सगळ्या बायका आपापल्या वाणाकडे बघत बसायच्या.

भाग्यश्रीला हे सहन व्हायचं नाही. नाशकात कॉलेजला जायला लागल्यापासून तर तिला आईचा रागच यायचा. "ज्यानं तुला विचारलं नाही त्याच्यासाठी तू शब्द गिळतेस? एकदा दिवाळी म्हण. मोठ्यानं म्हण. बघ काय होतं ते." चतुराबाई कानावर हात ठेवायची. "तुझ्या जिभेला हाड नाय भागे. ते गाडीवर असत्यात. हायवे हाय." तिला खरंच वाटायचं, की आग्रा रोडवरच्या भरधाव ट्रकांमधून आपला नवरा सुखरूप जातो तो आपल्या जिभेमुळे. बाकी काहीच तिच्या हातात उरलं नव्हतं. एवढं उरलं होतं.

कॉलेजात भाग्यश्रीनं मराठी घेतलं. ग्रंथालयात एक जुना, बांधणी सुटलेला शब्दकोश होता. त्याच्या वाटेला कुणी जायचं नाही. एका दुपारी तास बुडवून तिनं तो पुढे ओढला आणि 'वाळ'चं पान काढलं. गंमत म्हणूनच काढलं होतं. पण वाचता वाचता तिच्या लक्षात आलं, की हे अख्खं पान आईनं आपल्या जिभेवरून उतरवून ठेवलंय. मग तिला नादच लागला. ज्यांच्या पोटात कुठेतरी 'वाळ' आहे असे शब्द ती मागची-पुढची पानं उलटून शोधू लागली. मवाळ सापडला, लेकुरवाळी सापडली. काहींचे जुने अर्थ तर तिला ठाऊकच नव्हते. वाळवंट म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे उंट यायचे. कोशात पहिला अर्थ होता नदीकाठची रेताड जागा, गोदावरीला असते तशी. ओवाळणं म्हणजे जिवावरून फिरवून टाकून देणंही.

आणि वाळणं. वाळणं म्हणजे सुकणं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्याखाली जुना अर्थ दिला होता: टाकणे, त्यागणे, आपल्यातून बाहेर काढणे. भाग्यश्रीनं त्या ओळीवर बोट ठेवलं. आई शेवंतीचे वाफे खुरपते, सण आला की पाट मांडते, आणि तिची सगळी हकिगत इथं या ओळीत कधीची लिहून ठेवलेली आहे, असं तिला वाटलं आणि भर ग्रंथालयात तिला रडू कोसळलं. ग्रंथपाल चष्म्यावरून बघत म्हणाले, "पोरी, शब्दकोश वाचून रडणारी तू पहिलीच गं."

त्याच आठवड्यात दिवाळी होती. भाग्यश्रीनं ठरवलं, या पाडव्याला बापाला आणायचंच. आईला न सांगता तिनं नाशकातल्या द्वारका चौकात पिंपळगावची एसटी पकडली.

पत्ता विचारत विचारत ती एका शीतगृहामागच्या पत्र्याच्या चाळीपाशी पोचली. पुढच्या खोलीच्या दारात एक बाई तांदूळ निवडत होती. भाग्यश्रीकडे तिनं एकदाच नीट पाहिलं आणि मान आत वळवून हाक मारली, "वाळू! ए वाळू! कोण आलंय बघ. नाक तुझंच हाय."

बापाचं नाव भाग्यश्रीनं फुलबाजारात ऐकलं होतं, गावातल्या माणसांच्या तोंडून ऐकलं होतं. पण त्याच्या घरातल्या बाईच्या तोंडून, असं उंबऱ्यावर, तांदूळ निवडता निवडता? ती आकाश कोसळायची वाट बघत उभी राहिली. आकाश कोसळलं नाही. आतून वाळू बाहेर आला, अंगानं भरलेला, गालांवर तुकतुकी, दाढी केलेला. लेकीला बघून त्याचा चेहरा पडला.

"नाना, पाडव्याला या," ती म्हणाली. "घटकाभर या. ताट फिरवू द्या तिला. मग जा."

वाळू तिला शीतगृहाच्या भिंतीपाशी घेऊन गेला. चपलेनं माती उकरत त्यानं विचारलं, "आई बरी हाय ना?"

"तुमची वाट बघते."

"तुझी आई लय भली हाय, भागे. खोटं नाय बोलणार. पन तिच्यासमोर बसलं का मला देव्हाऱ्यातला टाक झाल्यावानी वाटायचं. फूल वाहा, पाणी घाला, परत फडक्यात गुंडाळा. आधी मायनं माझं नाव जपलं, मंग बायकोनं जपलं. मला घरात नावानं कोणी हाक मारलीच नाय गं. ही मारते." त्यानं खोलीकडे पाहिलं. "बघतो. जमलं तर येतो."

पळणाऱ्याला वाट सापडते तसं कारणही सापडतं. पण बापाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं, हेच भाग्यश्रीला जास्त लागलं. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून रागानं धुमसत होती. कुणाचा राग, ते तिलाही सांगता आलं नसतं.

घरी चतुराबाई अंगणात झेंडूची माळ ओवत बसली होती. लेकीचा चेहरा बघूनच तिनं ओळखलं. "तिकडं गेली होतीस?" आणि लगेच, "तब्येत बरी हाय ना त्यांची?"

इथं भाग्यश्रीनं गप्प बसायला हवं होतं. हो, बरी आहे, येतो म्हणालेत, एवढं बोलून हातपाय धुवायला जायला हवं होतं. पण तिला वाटलं, आज आईच्या डोळ्यांवरची पट्टी एकदाची काढून टाकू. माणूस चांगलं करायला निघतो ना, तेव्हाच त्याच्या हातून जास्त नुकसान होतं.

"ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "जाड झालेत. आणि ती बाई त्यांना नावानं हाक मारते, आई. ए वाळू म्हणते. दिवसभर म्हणत असेल. काही झिजलं नाही त्यांचं. उलट तू नाव घेत नव्हतीस म्हणून तिकडे राहिले, म्हणतात."

चतुराबाईच्या हातातली सुई थांबली. "नावानं?"

"हो."

"आन् काय होत नाय त्यांना?"

"काही होत नाही."

चतुराबाईनं एक फूल ओवलं. मग दुसरं घेतलं आणि ते हातातच राहिलं. "मंग मी काय राखत होते गं इतकी वर्सं?" तिनं विचारलं. रागानं नाही, खरोखर माहीत नसल्यासारखं विचारलं.

पाडव्याला तरीही पाट मांडला गेला. रांगोळी निघाली, निरांजन लागलं. रस्त्यावर टेम्पो वाजला की भाग्यश्री दारात जायची. चतुराबाई या वेळी भिंतीला टेकून बसून होती, उठली नाही. दुपार झाली, ऊन अंगणातून सरकत कुंपणापाशी गेलं. वाळू आला नाही. निरांजनातलं तेल संपलं, वात काळी पडली. मग चतुराबाई गुडघ्यावर हात देऊन उठली आणि म्हणाली, "भागे, ताट उचल. झाली दिवाळी."

किती सहज म्हणाली. तोंड अडखळलं नाही, ओठ कापला नाही. जो शब्द ऐकायला भाग्यश्री वर्षानुवर्षं भांडत होती, तो आला आणि तिच्या काळजाचं पाणी झालं. ताट हातात तसंच धरून ती आईकडे बघत राहिली. चतुराबाई पाटाभोवतीची रांगोळी पायानं पुसत होती.

त्यानंतर सगळेच शब्द आले. धरणाचा दरवाजा उघडावा तसे आले. चतुराबाई वाळू म्हणू लागली, वाळवी म्हणू लागली, भाऊबीजेला ओवाळणी म्हणाली. फुलबाजारात गिऱ्हाइकाला सांगू लागली, "दिवाळीला चढंल भाव." माळणींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि खोडी काढायची मात्र कुणाचीच हिंमत झाली नाही. संक्रांतीला उखाण्याची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "मला येत नाय गं उखाणा." ज्या एका जागी नाव घ्यायला तिला मुभा होती, तिथं तिनं ते सोडलं.

लोक म्हणतात, खरं कळलं की माणूस मोकळा होतो. चतुराबाई मोकळी झाली खरी, घर रिकामं केल्यावर मोकळं होतं तशी. ती खायची, प्यायची, वाफे खुरपायची. पण हायवेवर अपघात झाला असं रेडिओवर लागलं तर तिचा हात आता थांबायचा नाही. भाग्यश्रीला रात्ररात्र वाटायचं, आपण बापाला आणायला गेलो आणि आईचा नवरा तिकडेच ठेवून आलो.

पुढे भाग्यश्रीचं लग्न झालं. नवऱ्याला ती शेखर म्हणूनच हाक मारते, त्यालाही आवडतं. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात ती कुरडया घालायला माहेरी आली होती. मायलेकींनी अंगणात खाटांवर धुतलेल्या साड्या पसरल्या, वर कुरडयांची चक्रं मांडली. "वाळवण दोन दिवसांत कडक होईल," चतुराबाई म्हणाली. भाग्यश्रीला राहवलं नाही. "आई, सुकवण म्हण ना गं." चतुराबाईनं तिच्याकडे नवलानं पाहिलं. "आता का? सगळं जग वाळवणच म्हणतं."

तेवढ्यात फाटक वाजलं. वाळू आला होता. हातात कापडी पिशवी, दाढीचे पांढरे खुंट, सदरा अंगावर लोंबत असलेला. कुसा आपल्या भावाकडे निघून गेली, शीतगृहानं म्हाताऱ्या माणसाला माल वाहायच्या कामावरून कमी केलं, हे फुलबाजारात कानावर आलंच होतं. पिशवीत कपडे होते, हे बघणाऱ्याला कळत होतं. तो कशाला आला आहे हे त्यानं सांगायची गरज नव्हती.

आई रडेल, ओरडेल, आत जाऊन दार लावेल, असं काहीही भाग्यश्रीच्या मनात आलं. एवढंही मनात आलं, की आई पाट मांडेल.

चतुराबाईनं पीठ लागलेले हात पदराला पुसले. "या वाळूभाऊ," ती म्हणाली. "बसा. भागे, त्यांना पाणी दे."

फुलबाजारात हमालाला बोलवावं, तसाच साधा, बरा स्वर. वाळू उभाच राहिला. ज्या नावासाठी तो घर सोडून गेला म्हणत होता, ते नाव त्याच्या बायकोनं त्याला पहिल्यांदा दिलं होतं, आणि मागं 'भाऊ' लावून दिलं होतं. तो म्हणाला, "चतुरा, नाव घेतलंस माझं."

"घेतलं," ती म्हणाली. "नावानं काय होतंय? काय होत नाय."

तो अंगणातल्या दगडावर बसला. पाणी प्यायला, तांब्या जपून खाली ठेवला. लेकीला विचारलं, "बरी हायेस ना?" तिनं मान हलवली. मग त्यानं पिशवी उचलली आणि आला तसा फाटकातून गेला, रस्त्याच्या कडेकडेनं, हळूहळू. चतुराबाई कुरडयांवर वाकलेली होती. तिनं वर पाहिलं नाही.

फाटक उघडंच राहिलं होतं. शेजारच्या रावजींची शेळी त्यातून आत शिरली आणि सरळ खाटेपाशी आली. चतुराबाईनं मान वर केली, आणि रस्त्याकडे बघत, शेळीकडे बघत, एकदम फाटलेल्या आवाजात ओरडली, "भागे, शेळी! सुकवण सांभाळ, सुकवण!"

दोघींनीही ते ऐकलं. भाग्यश्री शेळीमागे फाटकापर्यंत धावली, फाटक लावलं, आणि कडी धरून तिथंच उभी राहिली. मागे वळून बघायचं धाडस तिला झालं नाही. आई रडत होती.